पिवळ्या दिव्याचं निदान

१० सप्टेंबर २०१७, रविवार
गाडीच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. इंजिनच्या आकाराचा. बायको मंजुषा म्हणाली, लखीरामच्या गॅरेजला दाखवा. लखीराम! बॉनेट उघडण्याआधी जो माणूस तंबाखू मळतो, त्याच्या हाती मी डिझेल इंजिन देऊ? बँकेत होतो तेव्हा अख्ख्या शाखेचे कॉम्प्युटर मी चालू ठेवायचो. स्कॅनर मागवला आहे. गाडीला जोडायचा, मोबाइलवर बघायचं, बिघाडाचा कोड समोर हजर. संकल्प: यापुढे मेकॅनिक बंद.

१४ सप्टेंबर
स्कॅनर आला. काडेपेटीएवढा. तो लावायचं सॉकेट शोधण्यात सकाळ गेली. स्टिअरिंगखाली होतं. मंजुषाला दिसलं, पण ते महत्त्वाचं नाही. कोडचा अर्थ: इंधनाचं प्रेशर कमी.
निदान मी स्वतः केलं. यवतमाळ उंचावर आहे. उंचावर हवेचं प्रेशर कमी असतं, मग डिझेलचं का नसेल? कंपनीच्या इंजिनिअर लोकांनी यवतमाळ पाहिलं आहे कुठे? एसीत बसून कोड लिहितात. ‘क्लिअर’ दाबलं. दिवा गेला. दिवा गेला म्हणजे आजार गेला.

१६ सप्टेंबर
दिवा परत. पुन्हा क्लिअर. चढावर गाडी दम खाते, पण ते रस्त्यामुळे. आपल्याकडे रस्ते करणाऱ्यांची अक्कल सर्वांना माहीत आहे.
मंजुषाने विचारलं, थर्मामीटर झटकला की ताप उतरतो का. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाईने इंजिनवर बोलू नये. तिच्यासमोर आणखी एकदा क्लिअर दाबलं.

२० सप्टेंबर
आता दुसरा दिवा. थेंबाच्या चित्राचा. थेंब म्हणजे पाणी. काच धुवायचं पाणी संपलं असणार. भरलं. तरी दिवा जाईना. म्हणजे सेन्सर खोटं बोलतो आहे. खोटं बोलणाऱ्याचं तोंड बंद करावं. दोन्ही दिव्यांवर काळी टेप लावली. डॅशबोर्ड एकदम प्रसन्न दिसतो.

२४ सप्टेंबर, रविवार
भीमसिंग आला होता. हॉस्टेलपासूनचा मित्र. गणितात माझ्या पुढे असायचा, त्याचा काय उपयोग झाला? कळंबच्या पुढे तांड्यावर कापूस करतो. यंदा बोंडांत अळी, म्हणून फवारणीवर फवारणी. पंप पाठीवर, अंगात बनियन. या लोकांना सांगून उपयोग नाही.
म्हणाला, “चारू, डोये लय चुरचुर करून राह्यले. रात्री उलटीबी झाली.” डोळे लाल होतेच. मी सांगितलं, धूळ असेल, थंड पाण्याने धू. उलटी म्हणजे पित्त. त्याला डॉक्टरकडे जायचं होतं. प्रत्येक लक्षणाला घाबरायचं नसतं, हे मी त्याला स्कॅनर दाखवून नीट समजावलं. पटलं असावं. चहा घेतला आणि एसटीने परत गेला.
जाताना त्याला शब्द दिला, कधीही फोन कर, गाडी तांड्यावर हजर होईल.

२८ सप्टेंबर, दुपार
रुपीबाईचा फोन. भीमसिंगची बायको. तो फवारता फवारता शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच पडला. तोंडाला फेस, बोलणं कळत नाही. तांड्यावर एकही गाडी नाही. गाडी घेऊन या म्हणाली. निघतो आहे. अशा वेळी शांत डोक्याचा माणूस लागतो.

२८ सप्टेंबर, संध्याकाळ
कळंबच्या अलीकडे चढ आहे. तिथे गाडी दमली, मग बंद पडली. स्कॅनर लावला. आता कोडांची रांगच. सगळे क्लिअर केले. गाडी सुरू झाली, थोडी सरकली, परत बंद. पुन्हा क्लिअर. रुपीबाईचा फोन येत होता. निदान अर्धवट असताना काय सांगणार? उचलला नाही.
मग समोरून कळंबकडची काळीपिवळी जीप आली आणि थांबली. आत रुपीबाई, तिच्या मांडीवर भीमसिंगचं डोकं. वाट बघून शेवटी रस्त्यावर आडवी उभी राहून तिने ही जीप थांबवली होती. मला वाटलं, आता बोलेल. तिने पदराने त्याच्या तोंडावरचा फेस पुसला.
भीमसिंगने डोळे किलकिले केले. म्हणाला, “चारूले घ्या.”
दवाखान्यात पोचायच्या घाईत असलेल्या पेशंटने माझ्यासाठी जीप थांबवून ठेवली. लोकांनी सरकून जागा केली. यवतमाळपर्यंत मी त्याचे पाय धरून बसलो. गार होते.

३० सप्टेंबर, दसरा
भीमसिंग वाचणार. आज त्याने बायकोला ओळखलं. डॉक्टरांनी विचारलं, आधी काही त्रास होता का, डोळे, उलटी? तेव्हाच आणायला हवं होतं म्हणाले. रुपीबाई म्हणाली, होता, दाखवाले यवतमाळले आलतेबी. मग भीमसिंगचं पांघरूण सारखं करू लागली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सलाईनच्या बाटलीकडे पाहिलं.
गाडी लखीरामने ओढून नेली. डिझेलच्या फिल्टरमध्ये पाणी निघालं; त्याने फिल्टर बदलला, दिव्यांवरची टेपही काढली. थेंबाचा दिवा त्याचाच. पाण्यापर्यंत मी पोचलोच होतो, फक्त कोणतं पाणी ते राहिलं. मंजुषाला हे सांगितलं. ती डबा भरत होती. झाकण लावलं आणि दवाखान्यात गेली.

४ ऑक्टोबर
भीमसिंगला आज सुट्टी मिळाली. मी गाडी धुऊन दवाखान्याच्या दारात उभी केली. मागच्या सीटवर उशी ठेवली. दार उघडून धरलं.
रुपीबाईने काळीपिवळी सांगून ठेवली होती. मला म्हणाली, “तुम्ही तरास नोका घेऊ, भाऊ. आमाले आज घरी पोचाचं हाये.” रागाने नाही. सरळच म्हणाली.
भीमसिंग काहीतरी बोलणार होता, पण ती त्याला हात देऊन घेऊन गेली. मंजुषा त्यांना सोडायला त्याच जीपमध्ये बसली.
मी मागोमाग निघालो. चढ आला. गाडी अगदी छान चालली. एकही दिवा लागला नाही. आत मी एकटाच होतो.