पाटी चार हात खाली

८ सप्टेंबर
पाणी पुलाच्या कठड्याला लागलं. जुन्या महापुराचं पाणी कुठवर चढलं होतं ते दाखवणारी पाटी बघायला दुपारी निम्मं गाव लोटलं. "पाणी अजून बरंच खाली आहे की!" म्हणत लोक खुशीत घरी गेले. पाटी बसवणारा मिस्त्री म्हणून मलाही कुणीतरी चहा पाजला. अर्धा तसाच ठेवून निघालो.

मुलीचा फोन. "बाबा, काळजी नको. आमचं जोतं पाटीच्या हातभर वर आहे!" तिच्या शेजारी एकट्या राहणाऱ्या मास्तरीणबाईंनाही तिनेच धीर दिलाय.

आता लिहूनच टाकतो. पाटी खोटी आहे! तेवीस वर्षांपूर्वी पुराची खूण असलेली जुनी भिंत पाडून नवी बांधली. मी ती खूण नीट मोजून ठेवली होती. इंजिनिअर म्हणाला, "मिस्त्री, इतक्या वरचं कोण वाचणार? उद्घाटनाच्या फोटोत साहेब आणि पाटी दोन्ही यायला हवेत." मी मुकाट्याने चार हात खाली बसवली. कुणी विचारलंच तर ठोकून द्यायचो — रस्ता उंच झालाय, म्हणून तसं वाटतं. तो पूर पाहिलेलं आता कुणी उरलेलं नाही. मुलीने घर घेतलं तेव्हाही मी मिठाची गुळणी धरून बसलो.

९ सप्टेंबर
पाणी पाटीच्या वीतभर खाली.

आज खरं सांगायचंच म्हणून मुलीला फोन लावला. तोंडातून निघालं — "छातीत दुखतंय. सगळे या." शुद्ध थाप! अर्ध्या तासात मुलगी, जावई, नात, तिघं भिजत टेकावरच्या माझ्या घरी हजर. नात पाय चेपत बसली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मास्तरीणबाईंचा फोन आला. मुलीनेच माझ्या कानाला लावला.

"पाटी तुम्ही बसवलीत, तुम्हीच सांगा. निघू का मी?"

"निघा."

"अहो, पण मी पाटीच्या वर आहे ना?"

मुलगी समोरच. खरं सांगितलं तर सगळंच उघडं पडणार. "आहात... तरी निघा," एवढंच पुटपुटलो.

बाई हसल्या. "आजारी माणसाला सगळ्याचीच भीती वाटते. तुम्ही पडून राहा बरं."

१० सप्टेंबर
पाटी बुडाली. पाणी चढतंच आहे. बाईंचा फोन लागत नाही.

१२ सप्टेंबर
पाणी ओसरलं. बाई त्यांच्याच घरात सापडल्या, माळ्याच्या शिडीपाशी.

मुलगी खूप रडली. मग माझ्या छातीवर हात ठेवून म्हणाली, "बाबा, बरं झालं तुमच्या छातीत दुखलं."