उंदरांचे डोळे

पेण, रविवार, संध्याकाळ

सुमीला सातवा महिना, आणि लेकीचे डोहाळे कसले, तर मार्शमेलोचे! कॉर्न सिरप इथे कुठे मिळायला? साखरेचाच पाक केला, लिंबू पिळलं, जिलेटिन घातलं आणि पांढरंशुभ्र होईपर्यंत फेटलं. ताटात ओतणार, तोच हे कोरा रबरी साचा घेऊन आले. गणपतीच्या उंदराचा! "ताटात कशाला गो? यात ओत."

दुपारी उंदीर सुटून आले. यांनी जन्मभर कारखान्यात मूर्तींचे डोळे आखले, पण हात थरथरायला लागल्यापासून ब्रशला शिवले नव्हते. आज आपणहून काडी चॉकलेटात बुडवून एकेकाचे डोळे आखत बसले. मी मुद्दाम तिकडे पाहिलं नाही. हात हलला असता तर?

पण डोळे आले आणि सुमीला खाववेना. "बाबा, हे बघतायत माझ्याकडं!"

हे हसले. "एकाचं तोंड साच्यातच राहिलंय. तो खा."

तिने तो मिटक्या मारत खाल्ला. बाकीचे तसेच ताटात. आता हे बाहेर गेल्यावर मी झाकण काढून एकेक उंदीर निरखून पाहिला.

एकाचाही डोळा तिरका गेलेला नाही.