राखणदार जवळ आल्यावर

१७ ऑक्टोबर, गुरुवार

आजही सगळ्यांत आधी मीच पकडले गेले.
गेममधल्या गिरणीच्या मागच्या खोलीत पिंपाआड बसले होते. जागा चांगली होती. ज्याच्यावर राज्य तो राखणदार सरळ आत आला, खांद्यावर हात ठेवला. संपलं.
दीपक बोईसरहून ओरडला, "मने, ढोल वाजत नव्हता का तुझ्याकडे?"
"वाजत होता. लक्ष नव्हतं."
खोटं. वाजतच नव्हता.
राजू म्हणे, "वहिनी झोपली असेल." राजू म्हणजे दीपकच्या खोलीतला जोडीदार. दोघं एकाच कंपनीत. हसले दोघं. मीही हसले.

१९ ऑक्टो.

औषधाच्या दुकानातून, कामावरून येताना नवे इअरफोन आणले. जुने बिघडले असतील असं वाटलं. नव्यातही तेच.
तसं संगीत साधंच आहे त्या गेमचं. आधी काही नाही. मग खालून बारीक गुरगुर, विजेच्या डीपीजवळ उभं राहिल्यावर येते तशी. राखणदार आपल्याकडे वळला की त्यात ढोल. एक ठोका. थांबून एक. मग थांबणं कमी कमी होत जातं. आणि तो अगदी पाठीशी आला की सगळं एकदम बंद. ती शांतता सगळ्यांत वाईट. आपलाच श्वास आपल्याला मोठा वाटतो. त्यातच तर मजा.
ज्याच्या जवळ राखणदार, ढोल त्यालाच ऐकू येतो. बाकीच्यांना त्याने सांगायचं. पण मोठ्याने बोललं तर राखणदारही ऐकतो. म्हणून कुजबुजायचं.
मोखाड्याला सासरी होतो तेव्हा एका खोलीत सगळे, तेव्हा आम्ही असे कुजबुजायचो. आता तो बोईसरला, मी मुलीला, आरूला, घेऊन इथे जव्हारला. फोनवर बोलतो ते गॅस संपला, आरूला ताप आला, गाडी कितीची. कुजबूज राहिली ती या गेमातच.
पूर्वी मीच सगळ्यांना वाचवायचे. "मनीला आधी कळतं," दीपक सांगायचा सगळ्यांना.
आता माझ्याकडे ती शेवटची शांतता सुरुवातीपासूनच.

२२ ऑक्टो.

दुकानात एक बाई आली, वावर गावाकडची असावी. काउंटरवर वाकून काहीतरी बोलली. मी म्हटलं, काय? परत बोलली. ओठ हलले तेवढं दिसलं. मी म्हटलं, "मावशी, मोठ्याने बोला ना."
मागे चार पुरुष उभे होते. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने पदर ओढून घेतला आणि गेली. औषध न घेता. केवढ्या लांबून आली असेल. बायकांचं काहीतरी असणार, म्हणून तर मुद्दाम माझ्याकडे आली, शेठकडे नाही.
जेवण गेलं नाही.

२८ ऑक्टो.

आज बाजार. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, बाहेर रिक्षा, मिरचीवाल्याचा भोंगा. आणि मला सगळं ऐकू आलं! एकेक शब्द. शेठ म्हणाले, "आज बरी आहेस."
उगाच घाबरले. मळ असेल कानात. तेल घालते.

३ नोव्हें., रविवार

दिवाळीला दीपक चार दिवस होता. आज गेला.
काल मी भाकरी थापत होते, तो मागे येऊन कानाशी काहीतरी बोलला म्हणे. मी वळलेच नाही. मला फक्त मानेवर गरम लागलं, मी चुलीची धग समजले. तो गेला बाहेर, तासभर तोंड पाडून बसला.
"बोलायचं नसेल तर तसं सांग," म्हणाला.
"काय बोललास?"
"जाऊ दे."
"अरे, खरंच नाही ऐकलं."
"एवढ्या जवळून?"
काय बोलला होता ते सांगितलंच नाही शेवटपर्यंत. गाडीत बसतानाही नाही.

११ नोव्हें.


संध्याकाळी खेळत होतो. मी गिरणीत, जिन्याखाली. आरू खोलीत खेळत होती, भांडी मांडून. मध्येच दीपक कुजबुजला नाही, मोठ्याने ओरडला. "मने! आरू रडतेय! आरू!"
मला वाटलं गेममध्ये काहीतरी.
"आरू रडतेय गं! मला इथे ऐकू येतंय!"
वळून पाहिलं तर आरू नाही. मोरीचं दार बंद. आतून कडी पडलेली. इअरफोन काढून फेकले तेव्हा कळलं, किंचाळत होती पोर. किती वेळ कोण जाणे. शेजारच्या काकांनी पहारीने कडी उचकटली. गळ्यातून आवाज निघत नव्हता तिच्या. बादली भरलेली होती आत. काही झालं नाही.
काही झालं नाही.

१२ नोव्हें.

दीपकचा फोन. आधी मी म्हटलं, कानात इअरफोन होते, म्हणून.
तो म्हणाला, "मने, तुझ्या फोनमधून मला बोईसरला ऐकू आलं. राजूला ऐकू आलं. तो जो कोण राखणदार खेळत होता, अनोळखी माणूस, तोपण बोलला, भाई किसी का बच्चा रो रहा है. तुलाच तेवढं नाही."
मी आरूला जवळ ओढलं.
"किती दिवस झाले?"
आरू झाल्यापासून, म्हटलं. हळूहळू. आधी कुकरखालच्या गॅसचा आवाज गेला होता. मग पावलांचा. मला वाटायचं, लोकच हळू चालतात.
खूप रडले. तो रडला की नाही कळलं नाही. फोनवर आता मला नीट कळत नाही.

२३ नोव्हें., शनिवार

नाशिकला जाऊन आलो. दीपकने सुट्टी काढली. आरू शेजारी ठेवली.
मजा म्हणजे गाडीत, तो घाट, तो खडखडाट, आणि दीपकचं बोलणं मला स्वच्छ. तो म्हणाला, "ऐकू तर येतंय की तुला." त्याचा चेहरा असा खुलला की मला वाटलं इथूनच परत फिरावं.
कानाच्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला, गोंगाटात चांगलं ऐकू येतं ना? मग एक लोखंडी चिमटा वाजवून कानाजवळ धरला. जवळजवळ काही नाही. तोच कानामागच्या हाडावर टेकवला तर डोक्यात घंटा वाजल्यासारखा.
कानात आत एक बारकं हाड असतं, सगळ्यांत लहान. ते हलायला हवं. माझं धरलं गेलंय. दोन्ही कानांत, डाव्यात जास्त. नस चांगली आहे. ऑपरेशन होतं, एका वेळी एक कान. बहुतेक बरं होतं. क्वचित आहे तेही जातं. नाहीतर मशीन.
"घरात कोणाला आहे?"
आईला, म्हटलं. सांगताना पहिल्यांदाच डोक्यात आलं.
"बाळंतपणात वाढतं कधी कधी. दुसरं मूल हवंय का?"
दीपकने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही नाही. दिवाळीतच म्हणत होता, आरूला भाऊ नाहीतर बहीण पाहिजे. परतीच्या गाडीत त्यावर एक शब्द नाही. गोंगाट होता, बोलला असता तर ऐकू आलं असतं.

२७ नोव्हें.

एक शोध लागला. फोन कानामागच्या हाडावर दाबून धरला की गुरगुर येते! ढोलसुद्धा. हाडातून. अंगावर काटा आला, अगदी पूर्वीसारखा.
पण मग स्क्रीन दिसत नाही. राखणदार येतोय कळतं, कुठून ते कळत नाही. दीपकला सांगितलं तर इतका हसला. मग एकदम आरू झोपली का विचारलं.

८ डिसें., रविवार

साखरशेतला माहेरी, आयकडे. नागली झोडून झालीय, अंगणात ढीग. आरू त्यात लोळली.
आयला ऐकू कमी येतं हे आमच्या घरात कोणी दुखणं म्हणून धरलंच नव्हतं. आय अशीच, एवढंच. बाबा म्हणायचे, कामाचं सांगितलं की हिला ऐकू येत नाय. सगळे हसायचे.
आज तिच्या समोर बसून, तोंड दाखवून, मोठ्याने विचारलं. कधीपासून?
"तू झालीस तवा एक गेला. तुझा भाऊस झाला तवा दुसरा." असं बोलली, जसं काय कोंबड्या गेल्या.
"कोणाला सांगितलं नाहीस?"
"कोणाला सांगू? पोरं झाली का बाईचं कायतरी जातंच. कोणाचे दात जातात, कोणाचे केस."
"भीती वाटली असेल."
"पयले वाटली. रानात लाकडाला जायची तवा. मागून कोण येतो समजंना. सारखी मागं बघायची." मग म्हणाली, "नंतर नाय वाटली. आवाजच नाय तर भ्यायचं कशाला?"
मी विचारलं, मग दुसरं मूल नको असं कधी वाटलं का? जरा हळू विचारलं गेलं. आरूच्या केसांतलं भुसकट काढत होती. ऐकू गेलं नाही. मी परत विचारलं नाही.

२० डिसें.

आज मी म्हटलं, मला राखणदार करा. राखणदाराला ढोल नसतोच. भीती दुसऱ्यांना, आपण फक्त फिरायचं. मला बरं ते.
पण राखणदाराने पावलं ऐकायची असतात, पत्र्यावरची, पाण्यातली. आणि लपलेल्यांची कुजबूज. मी रिकाम्या गिरणीत फिरत राहिले. कोणी नाही. किती वेळ. एवढी मोठी गिरणी, आणि सगळे तिथेच, माझ्या आजूबाजूला, बोलत असणार.
मग दीपक सापडला. पिंपाआड. खांद्यावर हात ठेवला त्याच्या. इतका आनंद झाला!
नंतर राजू बोलून गेला, "वहिनी, तो उठून तुमच्या समोर येऊन बसला."
दीपकने त्याला शिवी घातली. ती बरोबर ऐकू आली.
उद्या येतोय.

२२ डिसें., रविवार

दोन दिवस चांगले गेले. बोलताना माझ्या उजव्या बाजूला बसतो आता, न सांगता. आरू आमच्यात झोपते, तिला पलीकडे सरकवली. तो काही बोलला नाही, माझ्या तळहातावर बोटाने लिहीत होता. अक्षरं कळली नाहीत, पण हात ओढून घेतला नाही.

२ जाने.

ऑपरेशनची तारीख मिळाली, संक्रांतीनंतरच्या आठवड्यात. डावा कान. शेठने सुट्टी दिली. आय आरूला बघायला येईल. तिला ऐकू येत नाही म्हणून शेजारच्या काकूंनाही सांगून ठेवलंय. मोरीची कडी काढूनच टाकली.
नाशिकला मशीन लावून दाखवलं होतं. ऐकू येतं. पण पंखा, ताट, कागद, सगळंच सारखं मोठं. दीपक गंमत म्हणून कुजबुजला तर वाटलं, तो घसा बसलेल्या माणसासारखा ओरडतोय. काढून ठेवलं.
मला ढोल परत हवाय. वेडेपणा आहे. माणसं डोळे मिटून देवाचं नाव ऐकायला कान मागतात, मी भ्यायला मागतेय.

९ जाने., गुरुवार

पाळी आली नाही.
दुकानातूनच किट आणलं. रोज दहा बायकांना मी ते कागदात गुंडाळून देते, कोणाच्या तोंडाकडे बघत नाही. आज स्वतःला दिलं.
दोन रेघा.

१० जाने.

नाशिकला फोन लावला. शेजारच्या काकूंच्या सुनेला बोलायला सांगितलं, मला फोनवर भरवसा नाही. मूल ठेवायचं असेल तर ऑपरेशन आता नाही, बाळंतपण झाल्यावर बघू. कान तोवर कुठे जाईल सांगता येत नाही; राहीलही तसाच. नसेल ठेवायचं तर लवकर या.
सुनेने सगळं माझ्या तोंडाशी तोंड आणून सांगितलं. तिचे डोळे भरले होते. मला वाटलं, हिला कशाला सांगायला लावलं.

१२ जाने.

दीपकला सांगितलं नाही अजून. दोनदा फोन आला.
तो "ठेव" म्हणाला तर राग येईल. "नको" म्हणाला तर त्याहून जास्त येईल.
आरू आज "आई" म्हणाली आणि मी वळले. काय ऐकू आलं म्हणून वळले, की फरशीवरची तिची पावलं तळव्यांना कळली म्हणून? हल्ली नक्की सांगता येत नाही.
पोटात हा असेल किंवा ही असेल, तर त्याला आतून माझा आवाज हाडातून ऐकू येत असेल. माझाही मला तसाच येतो.

१४ जाने., मंगळवार

संक्रांत. आरूला हलवा आवडला नाही, तीळगूळ मात्र सगळा संपवला. दुकान अर्धा दिवस.
संध्याकाळी गिरणीत आम्ही दोघंच. राजू ड्यूटीवर. राखणदार कोणी अनोळखी.
दीपक जिन्याखाली होता. मी जाऊन त्याच्याशेजारी बसले. दोन बाहुल्या अंधारात, खांद्याला खांदा. मला ढोल नव्हता. त्याच्याकडे वाजत होता का माहीत नाही. कदाचित राखणदार अगदी जवळ असेल.
फोनवर सांगता आलं नसतं. तिथे सांगितलं. माईक तोंडाजवळ घेऊन, अगदी हळू, जेवढं हळू मला स्वतःला हाडातून ऐकू येईल तेवढंच.
"दीपक, मला दिवस गेलेत. ऑपरेशन की हे, तू सांग."
 मग त्याच्या नावापुढचा बारका हिरवा भोंगा पेटला. कोणी बोललं की तो पेटतो. विझला. परत पेटला. बराच वेळ पेटलेला राहिला. मी इअरफोन आत दाबले. फोन हाडावर धरावा तर भोंगा दिसला नसता, आणि मला तो बघायचा होता. कुजबुजत असणार. राखणदाराला ऐकू जाऊ नये म्हणून.
भोंगा विझला. तो थांबला होता. माझ्या बोलण्याची वाट बघत होता.
मी म्हटलं, "हो." कशाला हो, ते ऐकूच आलं नव्हतं.
परत एकदा पेटला, अगदी क्षणभर. मग त्याची बाहुली उठली आणि अंधारात पळत गेली, मी तिथेच बसून.
नंतर मेसेज आला, शनिवारी येतोय.