फोटोत दोघं होती

उचगाव, ११ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप शांतव्वा आत्यास,
पवित्राचा शि. सा. न. वि. वि.

फोन बंद ठेवलाय, म्हणून पत्र. दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगते. अमरेशशी ठरलेलं लग्न मी दिवाळीत मोडलं, हे तुला माहीतच आहे. आमच्या दोघांचा खासगीतला एक फोटो त्याच्या मोबाइलमध्ये होता. तो त्यानं मित्रांना पाठवला, आणि आता गावभर फिरतोय. पोलिसांत तक्रार दिली आहे. पण जिथं मी फुटबॉल शिकवते त्या तालमीच्या कमिटीनं निरोप धाडला, की मुलींच्या टीमला शिकवायला सध्या येऊ नका, पोरींवर परिणाम होतो. अमरेश मात्र त्याच तालमीच्या पुरुषांच्या टीमचा कॅप्टन आहे तसाच आहे. पोरं त्याची पाठ थोपटतात. पप्पा माझ्याशी बोलत नाहीत. माझं खरंच चुकलं का गं?

तुझ्या मायेची वाट बघणारी,
पवित्रा

गडहिंग्लज, १५ फेब्रुवारी

चि. पवित्रास,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझं काय बी चुकल्यालं न्हाय. लग्न ठरल्यालं, दोघांच्या मर्जीचा फोटो, त्यात पाप कसलं? पाप केलं ते वाटत फिरणाऱ्यानं. आणि फोटोत दोघं हाईत की. मग एकटीलाच घरात का कोंडलंय? तुझ्या बापाला, आमच्या रामलिंगला, मी फोन करून हेच इचारलं. गप बसला. गप बसला म्हंजे पटलंय त्येला, लहानपणापासनं त्येची हीच रीत. तू नीट जेव. वाळलीस तर पोरींच्या मागं पळणार कशी? आधी मैदानावर जा, मग मला लिही.

माया हाय तेवढी हायच, जरा वाढलीच,
तुझी आत्या

उचगाव, २४ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप आत्यास,
पवित्राचा हसतमुखानं नमस्कार.

घसा पार बसलाय, म्हणून आजही पत्रच. मंगळवारी मैदानावर गेले. कमिटीचे विजयसिंह फाटकातच आडवे आले आणि तालमीच्या इज्जतीवर बोलू लागले. मी म्हणाले, "फोटो मी वाटला नाही. वाटणारा तुमचा कॅप्टन आहे. आधी त्याला बाहेर काढा." ते काही बोलायच्या आत आमची गोलकीपर संयोगिता बूट काढून फाटकातच बसली. तिच्या मागोमाग सगळी टीम. मॅडम नाहीत तर रविवारची मॅचही नाही म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत पोरींच्या आयाही येऊन बसल्या, कुणी तर घरून चहाची किटलीच आणली. शेवटी कमिटीनं अमरेशला टीममधून काढलं. पोलिसांनी त्याचा मोबाइल जप्त केलाय.

काल मॅच झाली. दोन-एकनं जिंकलो. पप्पा न सांगता आले, पुढच्या रांगेत बसले आणि इतके ओरडले, की रेफ्रीनं दोनदा दम दिला. फुटबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नाही. शेजारच्या पावण्यांनी त्यांना विचारलं म्हणे, यातली तुमची पोरगी कुठली. पप्पा उभे राहिले, मैदानाच्या कडेला माझ्याकडं बोट केलं आणि म्हणाले, "ती बघा. समद्यास्नी पळवतीया, ती माझी."

अशीच पाठीशी राहा,
तुझी पवित्रा