रुखवतातला लाडू कोणत्या वर्गात

नागपूर, शुक्रवार, सकाळ

तीर्थरूप दादास पुष्पलताचा नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? सुमतीवहिनी म्हणतात तू रोज तेल लावतोस, आणि परवा तुला चालताना पाहिलं तेव्हा वाटलं की बाटली अजून भरलेलीच असणार. वहिनींची दातदुखी थांबली असेल असं धरून चालते. आम्ही इकडे सगळे बरे आहोत, आणि कालपासून तर फारच बरे आहोत, म्हणून सवडीने लिहायला बसले. फोन केला असता, पण तुझा फोन कपाटात कुलूपबंद असतो आणि वहिनींचा सदा चार्जिंगला. (खापरखेड्यात आयुष्यभर वीज तयार करणाऱ्या माणसाच्या घरी फोन चार्ज होत नाही, याबद्दल मी पूर्वीही बोलले आहे. पुन्हा बोलत नाही.)

हर्षाचा रुखवताचा धंदा तुला माहीत आहे. सून म्हणून ती माझ्याकडे आली तेव्हा तिला पोळ्या गोल येत नव्हत्या, पण साखरेची केळी, पाकातलं तुळशीवृंदावन, रंगीत पापडांचा मोर, डोक्याएवढा बुंदीचा लाडू हे ती असं करते की पाहणाऱ्याने हात मागे बांधून उभं राहावं. आतापर्यंत तिचं काम फोनवर चालायचं. मंगल कार्यालय सांभाळणाऱ्या मनोहररावांना एक फोन, वाडीच्या गोदामातून टेम्पो चालवणाऱ्या दुर्गेशला एक फोन, झालं. पण उन्मेषला ते बघवेना. आपल्या चिरंजीवांना दोन माणसं फोनवर बोलताना दिसली की त्यांच्यामध्ये एक मशीन बसवावंसं वाटतं. त्याचं म्हणणं असं, की हर्षाची ऑर्डरची वेबसाइट आहे, मनोहररावांचं बुकिंगचं सॉफ्टवेअर आहे, दुर्गेशचं गाड्यांचं ॲप आहे, आणि तिघं एकमेकांची भाषा जाणत नाहीत. हर्षा ज्याला ‘नग’ म्हणते त्याला दुर्गेश ‘डाग’ म्हणतो आणि मनोहरराव ‘सामान’. तेव्हा प्रत्येक शब्दाला अर्थ जोडून द्यायचा, सगळ्या अर्थांचं एकच झाड तयार करायचं, वर थोडे नियम घालायचे, की तिघांच्या वेब सेवा आपसात बोलतात आणि पुढचा निष्कर्ष मशीन स्वतःच काढतं. याला सिमँटिक टेक्नॉलॉजी म्हणतात. मी म्हटलं, याला वर्गीकरण म्हणतात आणि मी ते कॉलेजच्या ग्रंथालयात निवृत्त होईपर्यंत केलं आहे. तो म्हणाला, म्हणूनच तुझ्याकडे आलो.

आता तूच सांग, कोण नाही म्हणेल. हर्षा मात्र नाही म्हणत होती. “आई, मनोहरराव फोनवर ऐकतात माझं. मशीन काहून पाहिजे मधात?” मी तिला सांगितलं की मनोहरराव उद्या आजारी पडले तर काय करशील. (ते अजिबात आजारी पडत नाहीत. माणसाने इतकं खडखडीत असणं बरं नव्हे.) शेवटी हर्षाने मान्य केलं, पण एक अट घातली: मानेवाडा रोडच्या त्या कार्यालयातली वैभवी नावाच्या मुलीच्या लग्नाची ऑर्डर मोठी आहे, तिथे काही बिघडलं तर ती परत फोनवर जाणार आणि या घरात कोणी तिच्या लाडवांना अर्थ जोडायचा नाही. मी म्हटलं कबूल.

झाड करताना मजा आली हे मी नाकारत नाही. कॉलेजात शिकलेलं तर्कशास्त्र इतक्या वर्षांनी कामाला आलं. सगळे लाडू खाद्यपदार्थ आहेत, बुंदीचा लाडू हा लाडू आहे, म्हणून तो खाद्यपदार्थ आहे. मी पहिलं वाक्य लिहावं आणि तिसरं मशीनने आपणहून काढावं. इतके हुशार विद्यार्थी मला ग्रंथालयात भेटले नाहीत. एक-दोन अडचणी आल्या. मनोहररावांच्या सांगण्यावरून मी नियम लिहिला, की कार्यालयात शोभेसाठी सकाळी जे येतं ते समारंभ संपल्यावर जिथून आलं तिथे परत जातं. मशीनने लगेच निष्कर्ष काढला की नवरदेवाची घोडी, फुलांची कमान आणि बँडवाले एकाच वर्गात मोडतात. मी तपासून पाहिलं. चूक काढता येईना, म्हणून राहू दिलं. चाचणीसाठी दुर्गेशच्या ॲपला आमच्या घराशिवाय आणखी एक पत्ता हवा होता, तोही कुठलातरी दिला. बाकी सगळं एका वर्गात एक वस्तू, एका वस्तूला एक जागा, असं स्वच्छ. ग्रंथालयात एक पुस्तक दोन कपाटांत ठेवू पाहणाऱ्याला मी कधी क्षमा केली नाही, तर लाडवाला काय करणार होते.

काल लग्न होतं. मुहूर्त संध्याकाळचा, पण नवऱ्याकडची मंडळी दुपारी जेवायला येणार आणि येताच रुखवत बघणार, तेव्हा दुपारच्या आत टेबल मांडून तयार हवं. रुखवतात काय कमी आहे हे शोधण्यासाठीच काही बायका लग्नाला येतात, आणि नवऱ्याची मावशी त्यातली आहे हे वैभवीच्या आईने आम्हाला दोनदा सांगितलं होतं. हर्षा आणि मी सकाळीच कार्यालयात जाऊन टेबलावर चादरी घालत होतो. खोकी दुर्गेशच्या टेम्पोत मागून येत होती. आली, पण आत आली नाहीत. बराच वेळ वाट बघून मी फाटकावर गेले तर टेम्पो नाही. चौकीदाराला विचारलं. तो म्हणाला, खोक्यावरचा कोड दाखवला, मशीन लाल झालं, गाडी गेली. कुठे गेली, तर ते मशीनला माहीत.

मनोहररावांना विचारलं. त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. “बाहेरचं खाणं आत आणता येत नाही, बाई. केटरर आमचाच. नियम तुमच्याच झाडात आहे.” होता. मीच घातला होता, आणि सुबक घातला होता. बाहेरचा खाद्यपदार्थ कार्यालयाने नाकारायचा. बुंदीचा लाडू हा खाद्यपदार्थ. तेव्हा कार्यालयाच्या सॉफ्टवेअरने लाडू नाकारला, दुर्गेशच्या ॲपला आपणहून कळवलं, आणि त्या ॲपने आपला निष्कर्ष काढला, की नाकारलेला माल वाडीच्या गोदामात ठेवायचा असतो, पण खायची वस्तू उंदरांमुळे गोदामात ठेवत नाहीत, तेव्हा ती पाठवणाऱ्याच्या दुसऱ्या पत्त्यावर न्यावी. तिन्ही मशीन एकमेकांशी इतक्या समजुतीने बोलली की माणसाने हेवा करावा. फक्त रुखवतातला लाडू त्या दिवशी खायचा नसतो, बघायचा असतो, ही गोष्ट आपल्या पोराबाळांनाही ठाऊक असते, म्हणून मशीनला सांगायचं कोणालाच सुचलं नाही.

हर्षा नुसती त्या रिकाम्या टेबलापाशी बसली आणि चादरीच्या सुरकुत्या काढत राहिली. तिने भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. दुर्गेशला फोन लावला तर उचलेना, कारण गाडी चालवताना फोन घेतोस म्हणून गेल्याच महिन्यात मी त्याला चांगलं फैलावर घेतलं होतं. (तो इतका ऐकेल असं वाटलं नव्हतं.) हर्षाच्या फोनवर मात्र टेम्पोचा ठिपका दिसत होता. तो सरकत सरकत शहर ओलांडून मानकापूरच्या पुढे गेला आणि थांबला. मी बाहेर आले आणि रिक्षात बसले. रिक्षावाला म्हणाला, “काकू, मीटरनं नाही जात तिकडे.” मी म्हटलं, चालव. माझ्या तोंडाकडे पाहून त्याने रिक्षा सुरू केली.

ठिपका थांबला होता तिथे दुर्गेश गाडीला टेकून तर्री पोहे खात होता. मला पाहून त्याने आधी प्लेट लपवली. “मले वाटलं तुमीच बदलला असन पत्ता. मशीन बोलून राहिली होती, खापरखेडा, खापरखेडा. म्या म्हटलं, काकूच्या भावाकडे काही असन.” मी त्याला पोहे संपवू दिले. इतकं तरी माझ्या हातून झालं. मग गाडीत पुढे त्याच्या शेजारी बसले आणि परत निघालो. वाटेत मी त्याला गाडी जरा जोरात चालवायला सांगितलं, हे कृपा करून उन्मेषला कळवू नकोस.

फाटकाशी पुन्हा तेच. चौकीदाराने कोड दाखवला, मशीन लाल. मनोहरराव स्वतः बाहेर आले, खोकं उघडून तुळशीवृंदावन पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले की मला समजतं हो, पण मशीनमध्ये नाकारलेला माल मी आत घेतला तर मालक मला विचारतील. समजून घेणाऱ्या माणसाने मशीनला घाबरावं, हे मला नवीन होतं. मी टेम्पोच्या पायरीवर बसून मिहानमध्ये ऑफिसात असलेल्या उन्मेषला फोन लावला आणि सांगितलं की रुखवतातला लाडू खाद्यातून काढ आणि शोभेच्या वस्तूंत घाल. तो म्हणाला, आई, तूच म्हणालीस की लाडू हा लाडूच असतो. मी म्हटलं, वाद घालू नकोस, घाल. चिरोटे, अनारसे, पापडांचा मोर, सगळं घाल. दादा, मला ते सोपं गेलं नाही. पाककृतीचं पुस्तक शिल्पकलेच्या कपाटात लावल्यासारखं वाटलं. पण पुढच्याच क्षणी मशीन हिरवं झालं, फाटक उघडलं, आणि आजूबाजूच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

टेबल मांडून होतं न होतं तोच नवऱ्याकडची बस आली. मावशीबाई टेबलाभोवती फिरल्या, दोन्ही बाजूंनी फिरल्या, लाडवावर वाकून पाहिलं, मोराच्या पिसाऱ्यातले पापड मनात मोजले, आणि शेवटी म्हणाल्या की चादर जरा फिकी आहे. चादर माझी होती. हर्षाने माझ्याकडे पाहिलं आणि इतक्या दिवसांत प्रथमच मोकळी हसली. मनोहररावांनी तिला सांगितलं की यापुढे रुखवत विचारणाऱ्याला तिचंच नाव देईन. परतताना ती रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली, आणि मशीन काढा असं एकदाही म्हणाली नाही.

तर आता सगळं मार्गी लागलं आहे. तीन धंदे एकमेकांचं बोलणं जाणतात, लाडू आपल्या जागी आहे, माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. तुझ्याशी बोलून बरं वाटलं. वहिनींना नमस्कार, आणि गुडघ्याला तेल.

तुझी धाकटी बहीण,
पुष्पलता

ता. क. — पत्र पाकिटात घालत होते तेवढ्यात वैभवीच्या सासूबाईंचा हर्षाला फोन आला. रुखवत नवरीबरोबर त्यांच्याकडे जायचं असतं, ते पोचलंच नाही. आज संध्याकाळी त्यांच्याकडे पूजा आहे, तुळशीवृंदावन त्यांना तिथे मांडायचं आहे आणि मावशीबाई अजून मुक्कामाला आहेत. उन्मेषने तपासलं. शोभेची वस्तू समारंभ संपल्यावर परत जाते, हा नियम तुला वर सांगितलाच आहे. घोडी गेली, कमान गेली, बँडवाले गेले. रुखवतही गेलं.

ता. क. २ — ते जिथून आलं तिथे, म्हणजे आमच्या घरी, यायला हवं होतं. पण मशीनच्या लेखी टेम्पो फाटकाशी दुसऱ्यांदा आला तो खापरखेड्याच्या बाजूने, आणि चाचणीसाठी मी जो ‘कुठलातरी’ पत्ता दिला होता तो तुझा होता. मला तेवढाच तोंडपाठ आहे. काल रात्री दुर्गेशच्या दुसऱ्या गाडीने खोकी तुझ्या घरी उतरवली आहेत. ॲपवर सुमतीवहिनींची सही आहे. बहिणीने न मागता इतकं फराळाचं का पाठवलं, हे तुला विचारावंसं वाटलं नाही, याचं मला थोडं वाईट वाटलं.

ता. क. ३ — माल पोचल्याचा फोटोही आहे. तू ओट्यावर बसला आहेस. तुझ्या हातात काय आहे ते मी मोठं करून पाहिलं. चिरोटे गेले असतील तर हर्षा म्हणते मामांना राहू द्या, ती दुपारपर्यंत दुसरे तळते. पण मोराला आणि वृंदावनाला हात लावू नकोस, आणि वहिनींना सांग की साखरेची केळी दाताला चांगली नाहीत.

ता. क. ४ — हे पत्र दुर्गेश स्वतः घेऊन येत आहे. तू पत्र सावकाश, चहा घेत, पहिल्या ओळीपासून वाचतोस हे मला माहीत आहे, आणि तुझ्या गुडघ्यापासून इथपर्यंत यायला तुला बराच वेळ लागला असणार. तो अजून दारात उभा आहे. त्याला खोकी दे. मोठा लाडू शिल्लक असेल तर तोही दे, आणि नसेल तर त्याच्याबरोबर तसं लिहून पाठव, म्हणजे उन्मेषला तुझ्या पत्त्यापुरता तो पुन्हा खाद्यपदार्थांत घालता येईल.