नाव पुकारल्यापासून

प्रिय घुमे,

तुझे फोन येताहेत आणि मी ते उचलत नाहीये, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. मी आजारी नाही, कामातही बुडालेली नाही. फोन वाजतो, त्यावर तुझा तो दात विचकलेला फोटो येतो आणि मी चहा पीत त्याच्याकडे बघत बसते. कारण अगदी सरळ आहे. मला तुझा हेवा वाटतोय. कौतुकात लिंबू पिळल्यासारखा गोड-आंबट नव्हे, चांगला पोटात कळ यावी तसा. आणि ज्या बहिणीला बसच्या दाराने फरफटत नेलं, जी आता व्हीलचेअरमध्ये बसते, तिचा हेवा करायची सोय जगात कुठेच नाही. एका मैत्रिणीपाशी बोलून बघितलं, तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी दवाखान्यातल्या पेशंटच्या उशापासची फुलं चोरून आणलीत. तेव्हा म्हटलं, तुलाच सांगावं. तू निदान हसशील.

त्या दिवशी सभागृहात तू नव्हतीस, हीच तर सगळी गंमत होती, आणि ती तुला स्वतःला बघायला मिळाली नाही. म्हणून आधी ते ऐक. परिवहन मंडळाच्या जनसुनावणीचा नियम तुला माहीत आहे. नाव पुकारलं की भिंतीवरचं घड्याळ सुरू, माणशी तीन मिनिटं, मग घंटा आणि माइक बंद. तुझ्या आधी माझं नाव होतं. मी आरशासमोर उभी राहून तयारी केली होती, कुठे थांबायचं, कुठे चष्मा काढायचा ते सगळं. स्टेशनांच्या लिफ्टसाठी ठेवलेला निधी मुख्यालयाच्या रोषणाईत आणि त्या भिंतीवरच्या लाल आकड्यांच्या घड्याळात गेला, तेव्हा नागरिकहो, वर जाता आलं नाही तरी किती वेळ खाली ताटकळलो ते आता नीट कळेल, असं मी म्हणाले. काय हशा पिकला! अध्यक्ष तर रुमालाने डोळे पुसत होते. मी जिंकल्यासारखी खाली येऊन बसले. खुर्चीत टेकल्यावर मनात पाल चुकचुकली, की ज्याला चिमटा काढला तोच इतका खूश कसा? हा चिमटा होता की मालिश?

तेवढ्यात तुझं नाव पुकारलं. घड्याळ सुरू झालं आणि माइकपाशी कुणीच नाही. तुला आत थांबू दिलं नव्हतं ना, व्हीलचेअरने आगीच्या वेळी वाट अडते म्हणून. सुरक्षेचा नियम! बसची दारं उघडी राहिली तरी चालतात, पण तुझी खुर्ची धोक्याची. मोठ्या दाराला पायऱ्या, म्हणून वॉचमनने तुला कॅन्टीनच्या मागच्या मालाच्या लिफ्टकडे पिटाळलं, हे आम्हाला आत काय ठाऊक! आम्हाला फक्त आवाज येत होते. आधी लिफ्टची जाळी खडखडली. मग कुणीतरी ओरडलं, "अरे ते खोके घे बाजूला, बाई यायच्यात!" काहीतरी पडलं, गडगडत गेलं. अध्यक्ष म्हणाले, "पुढचं नाव घ्या." तर त्यांच्या शेजारच्या घंटीवाल्या बाई, त्या करड्या स्वेटरवाल्या, मान वर न करता म्हणाल्या, "साहेब, वेळ त्यांची आहे. संपलेली नाही." अध्यक्ष पाणी प्यायले. मग रिकामा ग्लास पुन्हा प्यायले. हिशेब बघणारे साहेब स्वतःच्या बुटांकडे असे बघू लागले की जणू ते आजच पायात दिसले. लोक उठून मागे बघायला लागले, आणि घड्याळाचे ते लिफ्टच्या पैशांतले लाल आकडे उतरत राहिले.

मग मंचामागचं दार उघडलं आणि तू आलीस. चाकाला कोबीचं पान चिकटलेलं होतं, ते तुला दिसलं नसेल. माइक उभ्या माणसाच्या उंचीला होता. तू हात लांबवून तो खाली ओढलास, तोंड उघडलंस आणि घंटा झाली. तू घड्याळाकडे पाहिलंस, अध्यक्षांकडे पाहिलंस, तोंड मिटलंस, खुर्ची वळवलीस आणि आल्या वाटेने निघून गेलीस. तेच सगळे आवाज उलट्या क्रमाने आम्ही पुन्हा ऐकले. खोके, लिफ्ट, जाळी. कुणी हसलं नाही. अध्यक्षांचा रुमाल टेबलावर तसाच पडला होता, उचलायची त्यांची छाती झाली नाही. घुमे, मी जन्मभर जो विनोद करायला धडपडतेय, तो तू एक अक्षर न बोलता केलास. तो तुला करायचाही नव्हता, याचा मला जास्त राग आहे.

पुढचं तर विचारूच नकोस. दुसऱ्या दिवशी तुझा तो माइक ओढतानाचा फोटो सगळीकडे. मी इतकी वर्षं दर आठवड्याला बस, ट्राम, खड्डे आणि मंडळ यांच्यावर सदर लिहितेय, लोक म्हणतात, छान खुसखुशीत असतं हो. खुसखुशीत! जणू मी बिस्किटांची बेकरी चालवते. आणि कोपऱ्यावरचा औषधवाला, जो मला बघून दर वेळी "काय मॅडम, या आठवड्यात कुणाची वाट लावली?" असं विचारायचा, तो परवा म्हणाला, "तुम्ही त्या व्हीलचेअरवाल्या बाईंच्या बहीण ना?" माझा अगदी तिळपापड झाला. म्हटलं, नाही, ती माझी बहीण. तो म्हणाला, "तेच ते." आईच्या फ्रिजवर ज्या लोहचुंबकाखाली माझ्या सदराचं कात्रण असायचं, तिथे आता तू आहेस. माझं कात्रण कुठे गेलं विचारलं, तर म्हणते, "मागे आहे की गं, फेकलं नाही." संपादकांचा फोन आला, मला वाटलं त्या भाषणावर लेख मागतील. तर म्हणाले, "ताई, बहिणीवर काहीतरी घरगुती द्या ना, लहानपणी कशी होती वगैरे."

लहानपणी कशी होतीस ते मला नको का माहीत! बाबा आपल्याला रेडिओ आणि घुमी म्हणायचे ते काय उगीच? आठवतंय का, वीज वाचवण्यावर ते जेवताना तासभर बोलत होते, भात गार झाला तरी थांबेनात. मी मनात एक झकास टोमणा जुळवत होते, शेवटचा शब्द तेवढा सापडत नव्हता. तू उठलीस, दिवा बंद केलास आणि अंधारात येऊन परत जेवायला बसलीस. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला, आईने पाठ थोपटली. माझा टोमणा तसाच राहिला. अजून आहे तो माझ्याकडे, चांगला आहे. तेव्हापासून मला तुझ्याबद्दल जे वाटतं ते आजतागायत काही कमी झालेलं नाही. इस्पितळात तू पडून होतीस तेव्हासुद्धा सगळ्या नर्स तुझ्या पार्टीच्या, आणि मला मात्र "जरा हळू बोला हो" म्हणायच्या.

त्या अपघाताबद्दल आपण दोघी कधी नीट बोललो नाही. मी लिहिलं खूप. बसचं दार उघडं असताना गाडी हलू नये म्हणून एक कळ असते, ती वेळापत्रक गाठायच्या नादात काढून ठेवलेली होती, तू उतरताना पर्सचा पट्टा दारात अडकला आणि बस निघाली, हे मी इतक्या तऱ्हांनी लिहिलं की वाचकांनी ‘आता दुसरं काहीतरी’ असं कळवलं. मंडळाने चौकशी केली. ड्रायव्हरची बदली झाली, कळ काढायला सांगणारे साहेब बढती घेऊन वर गेले, आणि ठपका आला ‘प्रवाशाची घाई’ यावर. त्यांना तुझी घाई सापडली होती, घुमे, आणि त्या दिवशी त्याच खुर्च्यांवर बसून ते तुझ्या उशिराकडे घड्याळ लावून बघत होते. हे वाक्य मी सदरात वापरणार होते. बघ, इथेच खर्च करून टाकलं.

आता बातमी. म्हणजे तुझीच, पण ती मला आईकडून कळली, तुझ्याकडून कळणं शक्यच नव्हतं. तुझे मालक दातांचा कारखाना हलवताहेत. कवळ्या आणि दातांवरच्या टोप्या आता नव्या जागेत बनणार, भुयारी स्टेशनच्या वरच्या इमारतीत. बाकीच्यांना सोयीचं. तुला मात्र त्या स्टेशनची लिफ्ट चालू असेल तरच नोकरी, कारण दुसरी वाटच नाही, आणि त्या लिफ्टवर ‘काम सुरू आहे’ अशी पाटी इतकी वर्षं आहे की मध्यंतरी पाटीलाच नवा रंग दिला. आई म्हणाली, "मालक बरे आहेत, पण ते तरी किती थांबतील? पुढच्या सुनावणीनंतर मंडळ मतदान करणार, लिफ्टचा निधी परत द्यायचा की नाही. नाही दिला तर ही घरी." एवढं सांगून ती वाटाणे सोलायला लागली, आणि मला कळलं की तू हे सगळं पोटात ठेवून मला फोन करत होतीस, आणि मी चहा पीत होते.

धंद्यातली एक गोष्ट सांगते. गप्प राहायचा विनोद एकदाच चालतो. दुसऱ्यांदा त्याच लोकांसमोर तू तशीच आलीस आणि गेलीस, तर ते म्हणतील, बाईंना बोलायचं काहीच नाही वाटतं. फोटोतून लिफ्ट होत नाही. या खेपेला तुला बोलावंच लागेल. कळ, पट्टा, ठपका, पैसे कुठले कुठे गेले, आणि कुणाच्या सहीने. आणि बोलायला आधी माइकपर्यंत पोहोचावं लागेल.

मंडळाने गाजावाजा करून सभागृहाला रॅम्प बांधलाय, फीतही कापली. म्हणून परवा मी बघायला गेले. खरं सांगते, तुझ्यासाठी नाही, सदरासाठी गेले. रॅम्प गुळगुळीत, कठडा चकचकीत, वरच्या टोकाला दार. आणि ते दार बाहेर उघडतं! म्हणजे तू वर पोहोचलीस की दार उघडायला तुला परत खाली जावं लागणार, कुणीतरी ते उघडून धरणार, मग पुन्हा चढ. वॉचमनला विचारलं, "हे कसं हो?" तो अत्यंत समाधानाने म्हणाला, "मॅडम, रॅम्प पास झालाय. दार दुसऱ्या खात्याचं आहे." मी कठड्याला धरून हसले. पाच मिनिटांत अख्खं भाषण डोक्यात तयार झालं, सुरुवात, मधला ठसका, शेवट. आजवरचं माझं सगळ्यात चांगलं. मग हसू थांबलं, कारण आगीचा नियम अजून आहेच, तू बाहेरच थांबणार, आणि या दारापायी तुझी तीन मिनिटं पुन्हा वाटेतच संपणार.

तिथल्या बाकावर घंटीवाल्या बाई डबा खात होत्या. मी म्हटलं, बाई, वेळ वाढवून नाही का मिळणार? म्हणाल्या, "वाढवून नाही मिळत. कुणी आपली दिली तर मिळते. लेखी द्यायचं, सही करून. पण आजवर कुणी दिलेली नाही. बोलायची पाळी कोण सोडतंय?" आणि सफरचंदाची फोड चावत त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाई कमी बोलतात, पण तुझ्याच जातकुळीतल्या आहेत, सरळ दिवाच बंद करतात. मी घरी आले आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाही. आईला वाटलं माझा घसा बसला.

तर घुमे, पत्र लिहायचं कारण एवढंच. पुढच्या सुनावणीतही तुझ्या आधी माझंच नाव आहे, आणि माझी पाळी मी तुला दिली आहे. सही केलेला कागद सोबत आहे, तो घंटीवाल्या बाईंकडे आदल्या दिवशी पोहोचव. फोनवर हे मला बोलता आलं नसतं, मध्येच मी ती परत मागितली असती. तीन मिनिटं यायला, तीन बोलायला. त्यांना हसवू नकोस, हसले की ते सुटतात, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. फक्त ते दार दुसऱ्या खात्याचं आहे, एवढं कुठेतरी घाल, नाहीतर मला झोप लागायची नाही. माझं आहे म्हणून सांगू नकोस. म्हणजे, सांगितलंस तर माझी काही हरकत नाही. मी मागच्या रांगेत तोंड मिटून बसेन, आणि शेजारच्या कुणी विचारलंच की तुम्ही कोण, तर दातओठ खात का होईना, सांगेन की ती बोलतेय ना, तिची मी ताई.

तुझीच, जळून कोळसा झालेली,
रेडिओ