पंडित मागच्या बाकावर

तळोदा, ता. ७ फेब्रुवारी १९६१

ती. दादांस,

शि. सा. न. वि. वि. आमच्या मुख्याध्यापकांनी फर्मावले आहे: संस्कृतचे तास घटले, जूनपासून पाचवीचे इंग्रजी घ्या, नाहीतर घरी बसा. अठरा तारखेला ते इथे येऊन माझा पाठ पाहणार. तोवर इथल्या सत्तार मास्तरांचा वर्ग मागच्या बाकावर बसून पाहायचा. पंचेचाळिसाव्या वर्षी गुडघे बाकाला अडतात, बाकी ठीक.

मास्तर वीस वर्षे इंग्रजी शिकवतात. काल त्यांनी टेबलावर वांगे ठेवले, इंग्रजीत एक प्रश्न विचारला आणि खुर्चीत बसून घेतले. मग अख्खा तास पोरेच एकमेकांना विचारत होती. पाड्यावरची धनू अडली. मास्तर खिडकीबाहेर पाहत राहिले. मला राहवेना, उभा राहून मीच उत्तर सांगितले. ती खाली बसली, ती पुन्हा बोललीच नाही. नंतर मास्तर म्हणाले की पंडितजी, पोर गाडी वढी ऱ्हायनी, तुम्ही चाकले हात कसाले लावतस?

टिपणांसाठी आणलेल्या माझ्या वहीत अजून शिकवण्याचा एकही नियम उतरलेला नाही.

आपला,
पितांबर

कळसाडी, ता. ११

चि. पितांबरास अनेक आशीर्वाद.

तुला गप्प बसवणारा माणूस तळोद्यात आहे हे ऐकून तुझी वहिनी त्यांना केळीचा घड धाडायचा म्हणते. नोकरी गेली तर कपाशी आहेच. पण तू बैलांना व्याकरण सांगशील आणि बैल उभेच राहतील. म्हणून विनवतो, पास हो.

गिरधर

तळोदा, ता. १९

ती. दादांस,

शि. सा. न. वि. वि. काल पाठ झाला. मी टेबलावर कंदील ठेवला, धनूला एक प्रश्न विचारला आणि बसलो. ती उभी, ओठ मिटलेले. मुख्याध्यापकांनी घड्याळ काढले. उत्तर माझ्या दातांशी येऊन थांबले होते. मौनाची थोरवी मी वीस वर्षे मोठ्याने शिकवत आलो. पाळायची ही पहिलीच वेळ. मग ती बोलली. चुकीचे बोलली, शेजारणीने हटकले, दोघींचे जुंपले, सगळे इंग्रजीत. तास संपेपर्यंत मला कोणी विचारले नाही.

मुख्याध्यापकांचे म्हणणे पडले की तुम्ही तर काहीच शिकवले नाही. त्यावर सत्तार मास्तर म्हणाले, साहेब, आते पोरेसले इचारी पहा. साहेबांनी धनूलाच विचारले. तिने उत्तर दिले, आणि वर्गाच्या रीतीप्रमाणे त्यांना उलट एक प्रश्न टाकला. साहेब अडले. चाळीस पोरे शांतपणे थांबली. कोणीही त्यांना सांगितले नाही.

पाचवी मला मिळाली, एका वर्षाच्या बोलीवर.

आपला लोभ न बोलताही पोचतो, तसाच पोचत राहावा.

पितांबर